नाताळची मुदत, होळीची वसुली: एका मंडळीच्या धान्य बँकेचं प्रकरण

धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या महामार्गावर विसरवाडी-चिंचपाड्यापासून नवापूरपर्यंतचा पट्टा भाताचा आणि तुरीचा. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्या डाळीचा पैसा हातात येईपर्यंत अर्धं वर्ष सरलेलं असतं. आषाढ-श्रावणात घरातलं जुनं भात संपतं. त्याच दिवसांत लावणीला आलेल्या माणसांना जेवू घालायचं असतं. मग व्यापाऱ्याकडून एक पोतं आणायचं आणि खळ्यावर सवाईनं किंवा दिढीनं फेडायचं. सवाई म्हणजे क्विंटलला पंचवीस किलो वर, दिढी म्हणजे पन्नास किलो. हे थांबवावं म्हणून ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या लोकांचे समूह, धान्य बँक काढतात.

इथे मांडलेलं प्रकरण या पट्ट्यातल्या एखाद्या गावाचं नाव घेऊन सांगितलेलं नाही. असे प्रकल्प जसे उभे राहतात आणि जिथे हमखास अडतात, त्यावरून ते बांधलं आहे. हिशेब डोक्यात बसावा म्हणून आकडे सोपे ठेवले आहेत. गाव मावची ही आदिवासी बोली बोलणारं, पाच पाड्यांचं. मंडळीची साधारण साठ घरं, बाकीची घरं मंडळीबाहेरची. चर्च आणि त्याच्या आवारातली जागा जुन्या मिशनकडून आलेल्या एका नोंदणीकृत ट्रस्टच्या नावावर, मंडळीची स्वतःची वेगळी नोंदणी नाही. कारभार पाळक (पाद्री) आणि सात जणांचं पंचमंडळ पाहतं.

योजना अशी: ४० कुटुंबं, प्रत्येकी एक क्विंटल भात जुलैत उसनं, पीक आल्यावर ११० किलो परत. वाढी फक्त १० किलो. पाच माणसांच्या घराला एक क्विंटल भात, म्हणजे गिरणीतून निघणारा ६०-६५ किलो तांदूळ, महिनाभर पुरतो. लावणीचा महिना त्यात निभावतो. योजना चांगली होती. ती चालवताना मात्र दान देण्याच्या सवयींनी उसनवारी चालवली गेली, आणि पुढची जवळजवळ प्रत्येक अडचण तिथूनच निघाली.

पैसा कसा उभा राहिला

भात झोडून झाल्यावर, नोव्हेंबरात हंगामाचा सण झाला. लोकांनी आणलेलं भात, तूर, भोपळे, कोंबड्या, अंडी यांचा उपासनेनंतर लिलाव झाला. लिलावात भोपळा बाजारभावाला जात नाही, तो श्रद्धेच्या आणि थोड्याशा चढाओढीच्या भावाला जातो. बोल्यांची बेरीज ४१,००० रुपये. खास अर्पण २२,०००. ट्रस्टनं ४५,००० दिले. कागदावर १,०८,००० जमा.

खर्च: ४० क्विंटल भात २,३०० रुपये दरानं ९२,००० (२०२४-२५ हंगामात साधारण भाताचा हमीभाव तेवढाच होता), ८० पोती २,०००, लाकडी फळ्या, पत्रा आणि वजनकाटा मिळून ९,०००, हमाली-वाहतूक २,०००. एकूण १,०५,०००. म्हणजे ३,००० शिल्लक.

ती शिल्लक खरी नव्हती. बोली लावणारे सगळेच त्या दिवशी रोख देत नाहीत, कोणी कापूस विकल्यावर देतो तर कोणी पगार झाल्यावर. ४१,००० पैकी हातात आले २७,५००. प्रत्यक्ष रोख ९४,५०० आणि खर्च १,०५,०००. मधले १०,५०० खजिनदारानं स्वतःच्या खिशातून घातले आणि कुठे लिहिले नाहीत. पुढे बोलीचे पैसे जसे येत गेले तसे स्वतःचे १०,५०० काढून घेतले. शेवटच्या ३,००० रुपयांच्या बोल्या आल्याच नाहीत. माणसानं एक पैसाही खाल्ला नव्हता, उलट चार महिने स्वतःचा पैसा अडकवला होता. पण वहीत ३,००० शिल्लक दिसत होते, पेटीत शून्य होतं, आणि ‘खजिनदार लिलावाचे पैसे घरी नेतो’ हे निम्म्या गावानं पाहिलेलं होतं. यापेक्षा वाईट हिशेब चोर माणसाचाही दिसत नाही.

यावरचा उपाय तीन ओळींचा आहे. बोली म्हणजे जमा नव्हे. तिची वेगळी ‘येणे’ यादी करायची आणि पावती पैसे हातात आल्यावरच फाडायची. खरेदी बँक खात्यात असलेल्या रकमेपुरतीच करायची, त्यात ३६ क्विंटल बसत असेल तर ३६ घ्यायचं. कोणी स्वतःचे पैसे घातलेच तर त्याच दिवशी ‘हातउसने’ म्हणून नावासह नोंद, आणि पुढच्या बैठकीत ठराव. वर्षअखेरीस न आलेल्या बोल्या ठराव करूनच सोडायच्या. ज्यांच्या बोल्या राहिल्या त्यांची नावं उपासनेत वाचून दाखवण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्यानं पैसे येत नाहीत, माणूस यायचा थांबतो.

जुलैत ४० क्विंटलचं ३७ क्विंटल ६० किलो कसं झालं

वाटपाच्या आदल्या दिवशी साठा मोजला तर २ क्विंटल ४० किलो कमी भरला. चोरीचा संशय आला. पण यातला मोठा भाग साध्या गणिताचा आहे. डिसेंबरात घेतलेल्या भातात १६ टक्के ओलावा होता, साठवणीत तो १३ टक्क्यांवर आला. १०० किलोत ८४ किलो कोरडा भाग असतो. तोच कोरडा भाग ८७ टक्के धरला की ४० क्विंटलचं ४० × ८४ ÷ ८७, म्हणजे सुमारे ३८ क्विंटल ६२ किलो होतं. १ क्विंटल ३८ किलो पाणी उडून गेलं, आणि ते पाणी भाताच्या भावानं विकत घेतलेलं होतं. उरलेलं एक क्विंटल उंदरांचं आणि भिंतीला टेकलेल्या पोत्यांचं, ज्यांना पहिल्या पावसात ओल लागली.

इथे घेताना ओलावा पाहायला हवा होता. ओलावामापक नसेल तर बाटलीची परीक्षा पुरते. कोरडी काचेची बाटली घ्यायची, तिसरा हिस्सा भात भरायचं, त्यात मूठभर पूर्ण सुकवलेलं मीठ घालून एक मिनिट हलवायचं आणि पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर, ते पोतं परत उन्हात. मीठ तळाशी मोकळं पडलं तर भात घ्यायला हरकत नाही. दाताखाली दाणा ‘कट्’ करून तुटतो का हे जाणती माणसं पाहतातच, पण दात प्रत्येकाचे वेगळे, आणि घेणाऱ्या-देणाऱ्यात वाद झाला तर बाटली दोघांनाही दिसते.

साठवणीचं बाकीचं सगळ्यांना माहीत असतं आणि तरी होत नाही: पोती जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट लांब, सहा-सातपेक्षा जास्त थर नाहीत, दाराच्या खालच्या भागाला फूटभर पत्रा आणि दर पंधरा दिवसांनी एक पोतं उघडून सोंड्यांची पाहणी. कडुनिंबाचा पाला घालावा, पण त्यावर विसंबू नये. सल्फासच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू माणूस मारतो. या प्रकरणातली खोली पाळकांच्या राहत्या घराला लागून होती. धुरी देण्याचं काम परवानाधारक माणसाचं आहे, आणि तेही माणसं झोपतात त्या भिंतीपलीकडे नाही.

घट झाली ती झाली. खरी चूक दुसऱ्या दिवशी झाली. ३७ क्विंटल ६० किलो चाळीस घरांत वाटलं, प्रत्येकी ९४ किलो. पण अर्ज आधीच छापून आणले होते आणि त्यात ‘१ क्विंटल मिळाले, ११० किलो परत देईन’ असं होतं. अंगठे त्यावरच घेतले गेले. लोकांनी काट्यावरचा आकडा वाचला होता. ९४ घेऊन ११० द्यायचे म्हणजे शेकडा सतरा होतात, दहा नव्हे. हे सवाईपेक्षा कमीच होतं. पण व्यापारी सवाई सांगून सवाई घेतो. मंडळीनं दहा सांगून सतरा लिहिले, असंच लोक म्हणणार.

रविवार आणि कुंपण

वाटप रविवारी उपासनेनंतर ठेवलं होतं. माणसं जमलेलीच असतात, वेगळा निरोप द्यावा लागत नाही. चाळीसपैकी अकरा कुटुंबं मंडळीबाहेरची होती. ती उपासना संपेपर्यंत कुंपणाबाहेर पोती घेऊन उभी राहिली. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. बाहेर बोलणं सुरू झालं की भात हवं तर आत बसावं लागतं. आणि आतल्या काहींना वाटलं की अर्पण आपलं, मग पहिला हक्कही आपला. तशी अट कोणीच घातलेली नव्हती. पण अट नाही हे लिहूनही ठेवलेलं नव्हतं, आणि दिवस-जागा पाहणाऱ्याला ती दिसत होती. आजच्या दिवसांत असं दिसणं मंडळीला महागात पडू शकतं, आणि तेवढी काळजी सोडली तरी उपाशी माणसाला कुंपणाबाहेर तिष्ठत ठेवणं बरोबर नव्हतं.

दुसऱ्या वर्षी वाटप आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी, शाळेजवळच्या समाजमंदिरात झालं. प्रार्थना, भाषण, फोटो काही नाही. नियमांचा कागद मराठीत भिंतीवर, आणि मावचीत मोठ्यानं वाचून दाखवलेला. पहिलंच वाक्य: ‘धर्म, मंडळी किंवा पक्ष न पाहता गावातल्या कोणत्याही कुटुंबाला अर्ज करता येईल.’ ग्रामसभेतही ते वाचलं गेलं. नंदुरबारचा हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, इथे ग्रामसभेला वजन आहे. तिला आधी सांगितलेली गोष्ट नंतर समजावून सांगावी लागत नाही.

वसुली

मुदत होती ३१ डिसेंबर. कारण ठरवणाऱ्यांच्या मनात वर्ष नाताळला पूर्ण होतं. त्या तारखेला ४० पैकी २६ घरांनी ११० किलोप्रमाणे २८ क्विंटल ६० किलो परत केलं. १४ घरं राहिली आणि पंचमंडळात ‘लोक बुडवतात’ अशी चर्चा सुरू झाली. त्या १४ घरांकडे एकेक करून पाहिल्यावर चित्र असं निघालं.

नऊ घरं ऊसतोडीला गुजरातेत गेली होती. दिवाळीनंतर मुकादमाची गाडी येते, उचल आधीच घेतलेली असते. भात झोडून होतं न होतं तोच कोयते निघतात. घरी म्हातारी माणसं आणि कणगीत भात, पण कर्त्या माणसाशिवाय ते कोणी हलवत नाही. ही थकबाकी नव्हतीच, मुदतच चुकीची होती. तीन घरांचं भात खरंच गेलं होतं. राहिली दोन घरं. दोन्ही मंडळीतली, दोन्ही बऱ्यापैकी शेती असलेली. त्यांचं म्हणणं एकच: चर्चचं भात, अर्पणातून आलेलं, ते परत कशाला मागायचं?

या दोन घरांवरच सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो मुळात पाळकांनी घालवायचा नव्हता. त्याच घरी शनिवारी थकलेलं भात मागायचं आणि मंगळवारी आजाऱ्यासाठी प्रार्थनेला जायचं, हे कोणालाच जमत नाही. माणूस एक तर मागणं सोडतो नाही तर जाणं सोडतो. बहुतेक पाळक मागणं सोडतात, आणि ते गावाला दोन दिवसांत कळतं.

म्हणून रचना बदलली. नऊ जणांची समिती: पंचमंडळातले तीन, बचत गटांतल्या दोन बाया, एक ग्रामपंचायत सदस्य आणि ज्या पाड्यांवर मंडळी नाही तिथले तीन. पाळक समितीत नाहीत, किल्लीही त्यांच्याकडे नाही. खोलीला दोन कुलपं, एक किल्ली मंडळीतल्याकडे, दुसरी बाहेरच्याकडे. दोघं आल्याशिवाय दार उघडत नाही. साठ्याची वही एकीकडे, कुटुंबाचं पासबुक त्याच्या घरी. काट्यावर जे भरेल तेच दोन्हीकडे लिहायचं, छापील आकडा कुठेच नाही. समितीतल्या माणसाच्या घरी थकबाकी राहिली तर तो त्या वर्षापुरता समितीबाहेर. हा शेवटचा नियम घालताना सगळ्यात जास्त वाद होतो. म्हणूनच तो पहिल्या बैठकीत घालावा, कारण तेव्हा कोणाचीच थकबाकी नसते.

आधीची चूक दुरुस्त करताना मागणी ९४ किलोवर आणली. दहा टक्के वाढीसह १०३ किलो, वरचे ४०० ग्रॅम सोडले. ज्यांनी ११० भरले होते त्यांच्या पासबुकात ७ किलो जमा, म्हणजे २६ घरांचं मिळून १ क्विंटल ८२ किलो बँकच देणं लागली. पंचांपैकी काहींना हे नको होतं. लोकांनी मागितलेलं नसताना कशाला? पण पासबुकात ती जमेची ओळ पडल्यावरच वहीवरचा विश्वास परत आला.

मुदती दोन केल्या. पहिली खळ्यावरची: भात झोडल्यापासून कोयते निघेपर्यंत समितीचे दोघे काटा घेऊन पाड्यावर जातात. दुसरी होळीची, कारण ऊसतोडीची माणसं कुठेही असली तरी होळीला गावी येतात. पहिल्याच होळीला त्या नऊ घरांनी १०३ किलोप्रमाणे ९ क्विंटल २७ किलो आणून टाकलं. एकूण परत ३७ क्विंटल ८७ किलो. वाटलेलं होतं ३७.६०. पीक गेलेल्या तीन घरांना एक वर्ष वाढीविना मुदत. दोन घरांना पुढचं भात बंद, बाकी काही नाही. मागणीचं पत्र समितीच्या सहीनं जातं, व्यासपीठावरून एक शब्दही नाही.

होळीच्या मुदतीचा आणखी एक फायदा आहे, तो हिशेबनिसाला लगेच कळतो. होळी बहुतेक दरवर्षी मार्चमध्ये येते आणि ट्रस्टचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. वसुली संपून आठवडा-दोन आठवड्यांत साठा मोजला की तोच आकडा ताळेबंदात जातो. नाताळची मुदत संपली तेव्हा चौदा घरांचं भात ‘येणं’ म्हणून लोंबकळत होतं. वार्षिक सभा मात्र आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास ठेवावी. खानदेशात सालदारांचे, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्यांचे, करारही तेव्हाच ठरतात, माणसं परतलेली असतात आणि पेरणीला महिना-दीड महिना असतो.

कायद्याच्या बाजूनं

धान्य बँक आधी मंडळीच्या तरुण संघाच्या नावानं सुरू झाली होती. ते सर्वांत धोक्याचं होतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे व्याजानं दिलेली आगाऊ वस्तूही कर्जच असते, फक्त रोख रक्कम नव्हे. सार्वजनिक, धार्मिक किंवा धर्मादाय हेतूच्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेनं दिलेलं कर्ज मात्र त्या व्याख्येतून वगळलेलं आहे. नोंदणी नसलेल्या संघानं क्विंटलला दहा किलो वाढी घेणं आणि नोंदणीकृत ट्रस्टनं घेणं यात म्हणून मोठा फरक पडतो. ट्रस्टच्या घटनेत गरिबांना मदतीचा उद्देश आहे का हे पाहून विश्वस्तांचा ठराव घेतला, स्थानिक समितीला त्या ठरावानं अधिकार दिले, आणि बँकेचं सगळं व्यवहारपत्र ट्रस्टच्या नावानं केलं.

ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला. त्यामुळे लेखापरीक्षण वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, आणि विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज. जुन्या मिशन-ट्रस्टांत हे बदल अर्ज वर्षानुवर्षं राहिलेले असतात. वारलेल्या विश्वस्ताची सही बँक खात्यावर आणि नाव धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत तसंच असतं. मग धान्य बँकेचा ठराव करायला बसलं की कळतं, ठराव करणारे कागदावर विश्वस्तच नाहीत. प्रकल्पाआधी हे तपासायला एक दिवस लागतो, नंतर निस्तरायला वर्ष जातं.

परदेशातल्या जुन्या मिशनरी कुटुंबानं ‘थोडी मदत’ पाळकांच्या खात्यावर पाठवू का असं विचारलं, तेव्हा उत्तर सरळ ‘नको’ होतं. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेला परदेशी व्यक्तीकडून कामासाठी पैसा घेता येत नाही. नोंदणी असली तरी तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेतलेला असा पैसा दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही, म्हणून ‘मोठ्या संस्थेकडून फिरवून घेऊ’ हा मार्गही बंद. आखातात नोकरीला असलेला, भारतीय पासपोर्ट असलेला गावचा मुलगा मात्र स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवू शकतो, ते परदेशी दान ठरत नाही. त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरतं. पासपोर्टचा रंग विचारायला संकोच वाटतो, पण विचारावा.

दुसऱ्या पावसाळ्यात मागणी बदलली

समितीनं अर्ज मागवताना या वेळी ‘काय हवं’ हा रकाना रिकामा ठेवला. जवळजवळ निम्म्या घरांनी खायचं भात मागितलंच नाही. रेशनवर अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत. कार्ड चालू असलेल्या घराचं खाणं बरंचसं निघतं. अडतं ते बियाण्यावर. पेरणीच्या आठवड्यात रोख लागते, आणि सावकार त्याच आठवड्यात लागतो. खायचं भात कमी पडतं ते मुख्यतः कार्ड अडकलेल्या घरांत. त्यांना पोत्याबरोबरच तहसीलच्या पुरवठा शाखेत सोबत जाणारं माणूसही हवं असतं.

तेव्हा साठ्यातलं २४ क्विंटल २४ घरांना खाण्यासाठी आणि १० क्विंटल विकून बियाण्यासाठी, असं ठरलं. देणगी धान्य बँकेसाठी घेतलेली, म्हणून या बदलाचाही वेगळा ठराव झाला. वीस घरं, घरटी एक एकराचं बी: लावणीच्या भातासाठी साधारण १५ किलो, तुरीसाठी ५ किलो. बियाण्याची पोती खाण्याच्या पोत्यांत मिसळायची नाहीत, त्यांना वेगळ्या रंगाची सुतळी. देण्याआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहायची. भाताचे ८० आणि तुरीचे ७५ उगवले नाहीत तर ते बी म्हणून द्यायचं नाही. भात पेरण्याआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकायचं. तरंगणारं पोचट काढून टाकायचं, तळाचं दोनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. परतफेड त्याच वाणाच्या बियाण्यानं, शेकडा दहा वाढीसह. संकरित बी घेतलेल्यांना हे लागू होत नाही, त्याचं पुढच्या वर्षी बी धरता येत नाही. ते पैशानंच फेडायचं.

जमीन नसलेल्या विधवा आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांची पाच घरं पहिल्या वर्षी कर्जदारांच्या यादीत घातली होती. फेडायची ताकद नसताना त्यांनी कुठून कुठून आणून फेडलंही. आता त्यांचं नाव कर्जवहीत नाही. त्यांच्यासाठी थैलीतल्या अर्पणातून वेगळी वही आणि वेगळं पोतं, आणि ते काम पाळक व महिला मंडळ पाहतात. बँकेच्या काट्याशी त्याचा संबंध नाही.

बँक बंद करायची वेळ आली तर काय, हेही नियमात आता लिहिलं आहे: सभासदांची देणी आधी चुकती, उरलेलं धान्य गावाच्या जाहीर बाजारात विकून रक्कम ट्रस्टच्या खात्यात आणि ती त्याच तालुक्यातल्या शेतीकामाच्या मदतीसाठी. घराघरांत वाटून घ्यायचं नाही, आणि चर्चच्या रंगरंगोटीलाही वापरायचं नाही. दुसऱ्या अटीवर मतदान घ्यावं लागलं.